‘सहारा’ : वाळूत पाणी नेमकं कुठं मुरलं?

२००५ सालचा ‘सहारा’ हा हॉलिवूडपट टीव्हीवर मध्येच कुठून तरी लागलेला दिसला, तरी माणूस चॅनेल न बदलता बघत बसतो. नायजर नदीतला बोटींचा पाठलाग, उंटांवरची मारामारी, वाळूत गाडलं गेलेलं लोखंडी जहाज, असा सगळा मालमसाला त्यात आहे. आणि तरीही हॉलिवूडच्या गाजलेल्या आर्थिक आपटींचा विषय निघाला की हे नाव हमखास येतं. साधा प्रेक्षक म्हणतो, ‘टाइमपास आहे.’ बरेच समीक्षक म्हणाले, ‘बाष्कळ आहे.’ मूळ कादंबरीचे वाचक म्हणाले, ‘हा आमचा डर्क पिट नव्हेच.’ तिघांचंही म्हणणं खोटं नाही. पण सिनेमाचं दिवाळं वाजलं त्याची कारणं तिकीटखिडकी उघडण्याच्या कितीतरी आधीची आहेत, आणि ती कळल्याशिवाय या उलटसुलट प्रतिक्रियांचा अर्थ लागत नाही.

सुरुवात मूळ कादंबरीच्या लेखकापासून, क्लाइव्ह कसलरपासून करावी लागते. समुद्रतळाशी हरवलेली जहाजं आणि त्यांच्यामागे धावणारा साहसवीर डर्क पिट, हा त्याचा हातखंडा विषय. पिट ज्या ‘नुमा’ या सागर-संशोधन संस्थेत काम करतो ती कादंबरीतली. पण कसलरने १९७९ मध्ये त्याच नावाची खरी संस्था काढली आणि स्वतःच्या पैशाने बुडालेली जहाजं शोधायला लागला. अमेरिकी यादवीतली ‘हनली’ ही पाणबुडी त्याच्या चमूला १९९५ मध्ये चार्ल्सटनजवळ सापडली आणि २००० साली ती पाण्याबाहेर काढली गेली. म्हणजे गडी नुसता कागदी खजिनेबहाद्दर नव्हता.

सिनेमावाल्यांशी मात्र त्याचं जुनं वाकडं होतं. त्याच्या टायटॅनिकवरच्या कादंबरीवरून १९८० मध्ये ‘रेझ द टायटॅनिक’ निघाला. माल्टात प्रचंड मोठी पाण्याची टाकी बांधली, जहाजाची अजस्र प्रतिकृती केली, सुमारे ४ कोटी डॉलर ओतले, आणि अमेरिकेत गल्ला जमला जेमतेम ७० लाखांचा. यापेक्षा अटलांटिक महासागर खाली नेणं स्वस्त पडलं असतं, हा निर्माता ल्यू ग्रेड यांच्या नावावरचा विनोद तेव्हापासून चालत आलाय. कसलरने त्यानंतर पुढची जवळजवळ वीस वर्षं पिटच्या कथा कुणाला दिल्या नाहीत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसंच ते होतं.

२००१ मध्ये त्याला डेन्व्हरचे अब्जाधीश फिलिप अॅन्शुट्झ भेटले. सहकुटुंब बघता येतील असे स्वच्छ सिनेमे काढायचे म्हणून त्यांनी ‘क्रुसेडर एंटरटेनमेंट’ ही कंपनी काढली होती. वेळही बरी होती. मोरोक्कोच्या वाळूत चित्रित झालेल्या १९९९ च्या ‘द ममी’ने ८ कोटी डॉलरच्या खर्चावर ४१ कोटींहून जास्त कमावले होते. पिटच्या तर कादंबऱ्यांची रांगच तयार होती. एक चालला की मालिका सुरू. तेव्हा करार झाला तो असा : एकेका पुस्तकासाठी १ कोटी डॉलर, आणि त्याउपर पटकथेला लेखकाची मंजुरी हवी. इतक्या मोठ्या रकमेसोबत असा नकाराधिकारही द्यायचा, हे हॉलिवूडमध्ये क्वचितच घडतं.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. ‘सहारा’ची पटकथा लिहून यायची, कसलर ती नापसंत करायचा, कधी स्वतःच नवी लिहून पाठवायचा. अशा दहा लेखकांच्या हातून ती फिरली आणि नुसत्या लिखाणावर ३८ लाख डॉलर गेले. पडद्यावर श्रेय मिळालं चौघांना.

कादंबरीच्या वाचकांची नाराजी समजून घ्यायची तर या दहा हातांमध्ये काय गळून पडलं ते बघावं लागेल. १९९२ च्या कादंबरीत १८६५ साली, यादवीच्या शेवटी, दक्षिणेच्या राजधानीतून म्हणजे रिचमंडहून निसटलेलं ‘टेक्सस’ हे चिलखती जहाज सहाराच्या वाळूत सापडतं, आणि त्यात असतो अब्राहम लिंकन यांचा मृतदेह! फोर्ड नाट्यगृहात गोळी लागली ती तोतयाला, खऱ्या लिंकनना दक्षिणेच्या लोकांनी आधीच पळवलं होतं, असा कसलरचा भन्नाट डाव. पटो न पटो, वाचक ते विसरत नाही. सिनेमाने लिंकन काढून टाकले आणि जहाजात सोनं भरलं. सोनं काय, कुठल्याही खजिनापटात असतं.

(खरं ‘टेक्सस’ नावाचं जहाज होतं बरं का. जानेवारी १८६५ मध्ये रिचमंडला ते पाण्यात सोडलं, आणि एप्रिलमध्ये शहर पडलं तेव्हा अर्धवट बांधलेल्या अवस्थेतच उत्तरेच्या फौजेच्या हाती लागलं. असली जहाजं नदीमुखाशी लढायला ठीक. भर समुद्रात त्यांचे हाल व्हायचे. उत्तरेचं प्रसिद्ध ‘मॉनिटर’ १८६२ च्या वर्षअखेरीस हॅटरस भूशिराजवळच बुडालं. तेव्हा अटलांटिक ओलांडून नायजर नदीतून पश्चिम आफ्रिकेतल्या मालीपर्यंत जाणं ही गोष्ट, इतिहासाच्या वाचकाला तरी, पचायला जडच.)

विमानाचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. पिट आणि त्याचा जोडीदार अल वाळवंटात अडकतात, तेव्हा त्यांना एका जुन्या विमानाचा सांगाडा सापडतो. त्याचाच ते शिडाचा गाडा करतात आणि वाऱ्यावर निघून जातात. दृश्य झकास आहे, पण विमान तिथे आलं कुठून? कादंबरीत एक वैमानिक स्त्री १९३१ मध्ये तिथे कोसळते, तिची स्वतंत्र करुण कथा आहे. सिनेमासाठी जुन्या विमानाच्या अपघाताचं दृश्य चित्रित केलंही होतं : ४६ सेकंदांचं, २० लाख डॉलर खर्चून. संकलनात ते उडालं. ‘काहीही दाखवतात’ ही तक्रार अनेक प्रेक्षकांनी केली, तिच्यामागे अशी कापाकापी आहे.

मालीची गोष्ट मोरोक्कोत चित्रित झाली. दिग्दर्शक ब्रेक आयझनर, म्हणजे डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख मायकेल आयझनर यांचे चिरंजीव. पिटच्या भूमिकेत मॅथ्यू मॅकॉनहे, मानधन ८० लाख डॉलर. अलच्या भूमिकेत स्टीव्ह झान, २२ लाख. डॉक्टर एव्हा झालेली पेनेलोपी क्रूझ १६ लाख. मोरोक्कोचा हिशेब पुढे वर्तमानपत्रात आला तेव्हा त्यात सरळ ‘स्थानिक लाच’ असं सदरच निघालं. नजराणे, सौजन्यापोटी दिलेल्या रकमा वगैरे धरून आकडा २,३७,३८६ डॉलर. त्यात एका नदीसुधार प्रकल्पाचं काम थांबवण्यासाठी ४०,६८८, आणि ‘राजकीय व महापौरांच्या पाठिंब्या’साठी २३,२५०. आपल्याकडे असलं चहापाणी किरकोळ खर्चात दडवतात; हॉलिवूडच्या हिशेबनिसाने नावानिशी लिहून ठेवलं, हे त्याचं कौतुकच म्हणायचं.

८ एप्रिल २००५ रोजी सिनेमा अमेरिकेत लागला आणि पहिल्या शनिवार-रविवारी पहिल्या क्रमांकावर आला, १ कोटी ८० लाखांच्या गल्ल्यासह. प्रेक्षकांनी पाठ फिरवली असं म्हणता येत नाही. समीक्षकही एकमताने तुटून पडले नव्हते. शिकागोच्या रॉजर ईबर्टनी चारपैकी तीन तारे दिले. बहुतेकांनी नाकं मुरडली. मॅकॉनहे आणि झानची जोडी बहुतेकांना आवडली, आणि ते योग्यच होतं. दोघांच्या टोमण्यांत जान आहे. खटकलं ते दुसरंच. कथेत हुकूमशहा जनरल आहे, विषारी कचऱ्याने पाणी नासलंय, गावंच्या गावं मरतायत. आणि नायक मंडळी त्यातून विनोद करत, सोन्याचं नाणं चाचपत चालली आहेत. साथीचा रोग आणि खजिना हे दोन सिनेमे एकाच गाठोड्यात बांधल्यासारखे वाटतात. मला विचाराल तर इथला दोष दिग्दर्शकापेक्षा त्या दहा हातांचा जास्त.

अमेरिकेत ६ कोटी ८७ लाख, जगभरात मिळून ११ कोटी ९० लाख डॉलर. मध्यम खर्चाच्या सिनेमाला हे आकडे लाजिरवाणे नव्हते. पण इथे नुसती निर्मिती १६ कोटींवर गेली होती, वितरण आणि जाहिरातीचे ८ कोटींहून जास्त वेगळे, आणि तिकीटविक्रीतला साधारण निम्मा वाटा तर थिएटरवाले ठेवून घेतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय. पुढची दहा वर्षं व्हिडिओ आणि टीव्हीतून येऊ घातलेले पैसे धरूनही ७ कोटी ८० लाखांच्या आसपास तोटा निघत होता. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अॅन्शुट्झ यांच्याच दुसऱ्या कंपनीचा नार्निया मालिकेतला पहिला सिनेमा आला आणि त्याने जगभरात ७० कोटींहून जास्त कमावले.

हे सगळे आतले आकडे बाहेर आले ते कोर्टकचेरीमुळे. सिनेमा पूर्ण व्हायच्या आधीच, २००४ च्या सुरुवातीला, कसलरने दावा ठोकला : माझ्या मंजुरीशिवाय पटकथा बदलली. कंपनीने उलटा दावा केला : यानेच अडवणूक केली, सिनेमा लागायच्या आधीच स्वतःच्या वाचकांपुढे त्याची निंदा केली, आणि आम्हाला फसवलं. फसवलं ते कसं? तर आपल्या पुस्तकांच्या १० कोटींहून जास्त प्रती खपल्या असं त्याने सांगितलं होतं; कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे खरा आकडा ४ कोटींच्या आसपास होता. म्हणजे सिनेमाचा प्रेक्षक किती, याचा अंदाज ज्या आकड्यावर बांधला तोच फुगवलेला, असा हा आरोप. ‘सहारा’ला प्रेक्षक कमी पडले असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुणी आधी मोजले होते हेही विचारायला हवं.

मे २००७ मध्ये लॉस एंजलिसच्या ज्युरीने कसलरने कंपनीला ५० लाख डॉलर द्यावेत असा कौल दिला. २००९ मध्ये न्यायाधीशांनी कंपनीच्या वकिलांचे १ कोटी ३९ लाखही त्याच्यावर लावले. २०१० मध्ये अपील न्यायालयाने दोन्ही रद्द केलं. इतकी वर्षं भांडून हाताला लागलं काय, तर वकिलांची बिलं.

डर्क पिटचा दुसरा सिनेमा निघाला नाही. कसलर २४ फेब्रुवारी २०२० रोजी गेला. पिटच्या कादंबऱ्या आता त्याचा मुलगा लिहितो. त्याचं नाव डर्क कसलर. नायकाला नाव दिलं गेलं ते याच्यावरूनच.