१३ मायक्रॉनचा हिशेब

ड्रॉइंगवर २५ एच६ (व्यास आणि त्याला किती सूट, याची खूण) लिहिलेला एक साधा स्टीलचा शाफ्ट घ्या. त्याचा व्यास २५.००० मि.मी.च्या वर जाता कामा नये आणि २४.९८७ च्या खाली उतरता कामा नये. सगळी मिळून मोकळीक, म्हणजे टॉलरन्स, १३ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी तेरा. भोसरी, चाकण, सातारा, कोल्हापूरकडच्या छोट्या मशीन शॉपमध्ये असे जॉब, म्हणजे घडवलेले भाग, रोज निघतात. मोठी ऑर्डर दिसू लागली, ग्राहकाचा क्वालिटीवाला येणार असं कळलं, की मालक उपकरणांचा कॅटलॉग उघडतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो : लीस्ट काउंट (उपकरण दाखवू शकतं ते सगळ्यात लहान माप) किती? माझ्या मते या प्रश्नाचा नंबर चौथा-पाचवा असावा.

डिजिटल व्हर्निअर ०.०१ मि.मी.पर्यंतचा आकडा दाखवतो, पण चांगल्या बनावटीच्या व्हर्निअरलाही साधारण ०.०२ मि.मी. इकडे किंवा तिकडे चुकायची मुभा असते. चाळीस मायक्रॉनच्या पट्ट्यात कुठेही भटकू शकणाऱ्या साधनाने तेरा मायक्रॉन मोजायचे! यात दोष रचनेचा आहे. एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये सांगून ठेवलं होतं की मोजायची वस्तू आणि मोजपट्टी एकाच रेषेत हवी. व्हर्निअरमध्ये जॉब खाली जबड्यांत आणि पट्टी वर, त्यामुळे जबडा जरासा कलला तरी आकडा बदलतो. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एका रेषेत येतात, शिवाय रॅचेटमुळे (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या मुठीमुळे) दाब हाताच्या ताकदीवर राहत नाही. उपकरणाची चूक टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शात बसावी, निदान चौथ्या हिश्शात तरी, असा जुना दंडक आहे. आपल्या शाफ्टसाठी तो हिस्सा सव्वा ते सव्वातीन मायक्रॉन येतो. ०.००१ चा चांगला मायक्रोमीटर तिथे पोचतो.

कागदावर पोचतो, असं म्हणू या. कारण आता तापमान आलं.

लांबीची सगळी मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, हे १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. स्टील दर अंशामागे मीटरला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. आपला शाफ्ट ३५ अंशांवर असेल तर तो चार मायक्रॉनहून थोडा अधिक फुगलेला असतो, म्हणजे टॉलरन्सचा एक तृतीयांश भाग उन्हाळ्यानेच खाल्ला. मात्र मायक्रोमीटरही स्टीलचाच आणि तोही ३५ अंशांवर असेल, तर तोही त्याच प्रमाणात वाढतो आणि दोन्ही वाढी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. म्हणून शॉपमधल्या उकाड्यापेक्षा घात होतो तो तापमानातल्या फरकाने : एसी रूममधून आणलेलं गेज आणि मशीनवरून नुकताच उतरलेला गरम जॉब. अॅल्युमिनिअम तर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट वाढतं, तिथे खोडाखोडही पुरी होत नाही. यावरचा स्वस्त उपाय म्हणजे सेटिंग मास्टर, म्हणजे माप आधीच नेमकं ठाऊक असलेला नमुना. जॉबच्याच धातूचा, जॉबच्याच मापाचा मास्टर मशीनशेजारी ठेवायचा, गेज त्यावर शून्य करायचं आणि जॉब थंड होऊन मास्टरच्या तापमानाला आला की फक्त फरक वाचायचा. महागड्या गेजवर खर्च करणारे पुष्कळ जण नेमकं मास्टरवरच पैसे वाचवतात.

पुढची फसवणूक जास्त गमतीची आहे. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये (गोल जॉब घासून मापात आणायच्या एका पद्धतीत) जॉब कुठल्याही सेंटरवर धरलेला नसतो, तो आधाराच्या पट्टीवर आणि त्याला फिरवणाऱ्या रेग्युलेटिंग व्हीलवर टेकून फिरतो. त्याच्या अंगावरचा उंचवटा त्या व्हीलवर आला की जॉब ग्राइंडिंग व्हीलकडे ढकलला जातो आणि समोरच्या बाजूला खड्डा पडतो. उंचवट्यासमोर खड्डा, असं चालू राहिलं की तीन किंवा पाच फुगवट्यांचा जॉब तयार होतो. हा आकार गोल नसतो, तरी कुठूनही मोजा, व्यास तोच येतो. ब्रिटनचं ५० पेन्सचं सातकोनी नाणं मुद्दाम याच तत्त्वावर बनवलेलं आहे. मायक्रोमीटर समोरासमोरच्या दोन बिंदूंत मोजतो, त्यामुळे तो असा जॉब बिनदिक्कत पास करतो आणि बेअरिंग मात्र त्यावर नीट बसत नाही. तोच जॉब व्ही-ब्लॉकवर (इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून वर काट्याचं डायल गेज लावून फिरवला तर काटा हलू लागतो. म्हणजे आपली प्रक्रिया कुठल्या प्रकारची चूक करते, हे आधी माहीत हवं. उपकरण त्या चुकीवरून निवडायचं असतं.

भोकांसाठी एअर गेज हा माझा आवडता पर्याय. भोकात घालायच्या प्लगमधून हवा सोडायची, भिंत जितकी जवळ तितका मागचा दाब जास्त, त्यावरून माप. जलद, आणि नवख्या ऑपरेटरच्या हातातही भरवशाचं. पण प्रत्येक मापाला वेगळा प्लग लागतो आणि हवा कोरडी, तेलविरहित हवी. रोज जॉब बदलणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

आता माप मिळालं, पण त्याचं करायचं काय? सीएमएमला (वेगळ्या खोलीतल्या, तिन्ही दिशांत मोजणाऱ्या यंत्राला) पाठवलेल्या जॉबचा रिपोर्ट दोन तासांनी येत असेल तर तोवर निघालेले सगळे जॉब संशयित. म्हणून मोजमाप मशीनच्या जितकं जवळ नेता येईल तितकं बरं, अचूकता थोडी कमी झाली तरी. इटलीत मारिओ पोस्साती यांनी १९५२ मध्ये याच कामासाठी कंपनी काढली : ग्राइंडिंग चालू असतानाच गेजची दोन बोटं फिरत्या जॉबला टेकतात आणि माप आलं की व्हील मागे घ्यायला सांगतात. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनमधला टच प्रोब, म्हणजे जॉबला टेकून माप घेणारी सुई, हाही त्याच वाटेवरचा. त्याचा उगम १९७२ मधला. कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनातल्या बारीक नळ्या मोजायला अभियंते डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी तो बनवला. सेटिंगला तो उत्तम. पण प्रोब मशीनच्याच स्केलवर मोजतो, म्हणून मशीनची चूक त्याला बरेचदा दिसतच नाही. अंतिम तपासणी त्याच्यावर सोडू नये.

जवळ आणलेल्या मापाचा एक धोकाही आहे. दर जॉबनंतर आकडा दिसला की ऑपरेटरचा हात ऑफसेटकडे (मशीनला दिलेल्या मापातल्या दुरुस्तीकडे) जातो. एक जॉब दोन मायक्रॉन मोठा, लगेच दोन मायक्रॉन कमी. प्रक्रिया मुळात स्थिर असेल तर अशा प्रत्येक दुरुस्तीने जॉबमधला फरक वाढतो, प्रमाण विचलन (मापं सरासरीपासून किती पसरतात त्याचा आकडा) सुमारे ४१ टक्क्यांनी. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट काढला तो हे टाळण्यासाठीच : नेहमीची थरथर कोणती आणि खरोखर इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजल्याची खूण कोणती, हे रेषांनी वेगळं करायचं. हाच शूहार्ट १९४७-४८ मध्ये महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन गेला होता. आपोआप ऑफसेट देणारी यंत्रणा घेताना विक्रेत्याला हे जरूर विचारा की ती एकेका जॉबवर उडी मारते, की काही जॉबची सरासरी पाहून हलते.

डेमोही त्याच्या चकचकीत शोरूममध्ये पाहू नये. आपले दहा जॉब, आपले तीन ऑपरेटर, प्रत्येकी दोन-तीनदा मोजणी, तीही दुपारी दोन वाजता आपल्याच शॉपमध्ये. निव्वळ मोजणीतला फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत राहिला तर उपकरण घ्यावं, ३० च्या वर गेला तर परत पाठवावं. मधल्या आकड्यांवर घासाघीस करायला हरकत नाही.