फाईल आहे, अक्षरं गेली : मराठी मजकूर जपण्याची पार्श्वभूमी

गेल्या पावसाळ्यात नारायण पेठेतल्या एक काकू माझ्याकडे सीडी घेऊन आल्या. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायची, कामं करणाऱ्यांकडे अशी माणसं अधूनमधून येतात. "वडिलांच्या आठवणी आहेत. १९९९ साली टाईप करून घेतल्या होत्या. आता ते नाहीत. तेवढ्या छापून द्याल का?" सीडी वाचणारा ड्राइव्ह हल्ली लॅपटॉपला नसतो, म्हणून जुना बाहेरचा ड्राइव्ह काढून जोडला. सीडी चालली. वर्डची फाईल उघडली, पानंही भरपूर होती. पण पडद्यावर मराठीचा मागमूस नव्हता. रोमन अक्षरांवर तिरक्या रेघा आणि दोन-दोन टिंबं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच अर्धवट कंस.

"अहो, हे काय झालं? व्हायरस लागलाय का?"

"नाही काकू. बाबांनी लिहिलेलं सगळं इथंच आहे. ज्या फॉन्टमध्ये टाईप केलं, तो फॉन्ट या मशीनवर नाही."

त्यांना ते पटलं नाही, आणि पटू नये असंच ते आहे. सेव्ह केलेली, नीट जपलेली, न बिघडलेली फाईल वाचता का येऊ नये? याचं उत्तर द्यायचं तर मागं जावं लागतं, आणि पुण्यात मागं जायला वाट लांबची नाही.

कौन्सिल हॉलजवळ पुणे अभिलेखागाराची दगडी इमारत आहे, १८९१ सालची. पेशवे दप्तर तिथंच आहे. जाड सुती कापडाच्या चौकोनात कागद बांधून ठेवलेले, त्याला रुमाल म्हणतात. रुमालात पुडकी, पुडक्यात कागद. असे हजारो रुमाल मांडणीवर रचलेले आहेत. कागद एकाखाली एक दडपून न ठेवता कापडात बांधले की हवा खेळते, धूळ बसत नाही, आणि रुमालावरच्या चिठ्ठीवरून आत काय आहे ते कळतं.

मला त्या दप्तरातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती त्याची मांडणी. रोजकीर्द म्हणजे दिवसाच्या क्रमानं लिहिलेली नोंद: आज काय हुकूम गेला, कोणाला काय दिलं. घडणी म्हणजे त्याच नोंदी पुन्हा प्रकरणवार लावलेल्या. एकच माहिती दोन वाटांनी सापडावी, म्हणून ती दोनदा लावायची. तारीख आठवत असेल तर रोजकीर्द पाहा, प्रकरण आठवत असेल तर घडणी. फोल्डर तारखेचे करावेत की विषयाचे, असं मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारतं. अठराव्या शतकातल्या कारकुनांना हा प्रश्न पडलेला होता, आणि दोन्ही करावेत हे त्यांचं उत्तर होतं.

पण त्याच दप्तराची दुसरी बाजूही आहे. कागद मोडीत आहेत. मोडी हात न उचलता झरझर लिहायची लिपी. छपाई बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत गेली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही गेली, आणि कागद जागच्या जागी राहून वाचणारे संपत आले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले, म्हणून त्यातलं काही आपल्याला बाळबोधीत वाचता येतं. उरलेल्यासाठी आजही मोडी येणारा माणूस शोधावा लागतो. कागद टिकणं वेगळं आणि अक्षर टिकणं वेगळं, हे पुण्याला तेव्हाच कळायला हवं होतं. तीच चूक आपण पन्नासेक वर्षांनी पुन्हा केली, या वेळी कॉम्प्युटरवर.

मधल्या काळात टाइपरायटर आला. गोदरेजनं १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. देवनागरी यंत्रांवर तालुक्यातालुक्यात टायपिंग क्लास चालले. त्या काळात 'सेव्ह' करणं म्हणजे कार्बन घालणं. वरचा कागद जावकला जायचा, खालची पुसट निळी प्रत नस्तीत लागायची. सरकारी मराठीत तिला स्थळप्रत म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो: प्रत जिथं तयार झाली त्या स्थळी राहिली ती. मात्र स्थळप्रत एकाच स्थळी असली की काय होतं, ते १२ जुलै १९६१ ला पुण्यानं पाहिलं. पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधल्या वाड्यांत पाणी शिरलं. घरांबरोबर घरातले कागदही गेले. एकाच छताखाली कितीही प्रती ठेवल्या तरी पाण्याच्या लेखी ती एकच प्रत. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची साधनं आणि एक प्रत घराबाहेर, हा बॅकअपचा नियम आज जगभर सांगतात. तो मी शिकवायला घेतो तेव्हा पानशेतपासूनच सुरुवात करतो.

मजकूर यंत्रात राहून परत टाईप होतो, ही सोय १९६४ साली आयबीएमच्या चुंबकीय टेपवाल्या टाइपरायटरनं आणली. वर्ड प्रोसेसिंग हे नाव त्याच सुमारास रूढ झालं. १९७८ साली वर्डस्टार हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम आला, आणि आमच्या आधीच्या पिढीचे डीटीपीवाले त्यावरच शिकले. कंट्रोल-के-एस म्हणजे सेव्ह. ते बोटांत इतकं बसलं होतं की विचार न करता दर परिच्छेदाला दाबलं जायचं. वर्डस्टार सेव्ह करताना आधीची आवृत्ती 'बॅक' या शेपटीनं बाजूला ठेवायचा, म्हणजे एक पाऊल मागं जायची सोय तेव्हाही होती.

नावांची मात्र अडचण होती. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये फाईलचं नाव आठ रोमन अक्षरांत बसवावं लागायचं, वर तीन अक्षरांची शेपटी. 'ज्ञानेश्वरी, अध्याय नववा, दुसरं प्रूफ' हे आठ अक्षरांत कसं लिहिणार? मग जो तो आपापले संक्षेप करायचा आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की संक्षेपाचा अर्थही त्याच्याबरोबर जायचा. विंडोज ९५ मध्ये लांब नावं आली, तोवर वाट पाहावी लागली.

मायक्रोसॉफ्टचा वर्ड १९८३ सालचा. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत 'फास्ट सेव्ह' नावाची सोय होती. वेळ वाचावा म्हणून पूर्ण फाईल नव्यानं न लिहिता फक्त बदल शेवटी जोडले जायचे. त्यामुळे खोडलेला मजकूरही फाईलच्या पोटात राहायचा, फाईल फुगत जायची आणि बिघडण्याचा धोका वाढायचा. फ्लॉपीवरून थेट काम करणाऱ्यांच्या फाईली उडायच्या, त्यात या सोयीचा हात असायचा. आणि वीज होतीच. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, हे सगळ्यांना ठाऊक असूनही ऐन प्रुफाच्या वेळी कोणाच्या ध्यानात राहायचं नाही. वर्ड दर दहा मिनिटांनी सुटकेची प्रत ठेवतो, पण ती अपघातापुरती असते. फाईल नीट बंद केली की ती पुसली जाते. तिला सेव्ह समजणं ही आजही सर्रास होणारी चूक आहे.

आता मराठीकडे येतो, कारण काकूंच्या सीडीचं मूळ इथं आहे.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. परम महासंगणकामुळे ते गाजलं, पण मजकुराच्या दृष्टीनं तिथलं जिस्ट हे काम मला तितकंच मोठं वाटतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे तंत्र सी-डॅकबरोबर पुण्यात आलं. जिस्टचं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की त्याच डॉसमध्ये, त्याच वर्डस्टारमध्ये मराठी दिसायचं. आतमध्ये मजकूर इस्की या संकेतात साठवला जायचा. १९९१ साली तो भारतीय मानक झाला, आयएस १३१९४. इस्कीत 'क' ला एक क्रमांक आणि ऱ्हस्व वेलांटीला एक क्रमांक होता. आपण उच्चारतो त्या क्रमानं आधी क, मग वेलांटी. अक्षर कसं दिसेल ते दाखवणाऱ्यानं पाहायचं, साठवणाऱ्यानं फक्त अक्षर साठवायचं.

मग विंडोज आलं. देवनागरीची जोडाक्षरं मांडायची सोय त्यात नव्हती, आणि छापखान्यांना तर सुंदर अक्षर आजच हवं होतं. तोडगा निघाला तो असा: रोमन अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवायचे. 'म' साठवायचा तर अर्धा म एका जागी आणि उभा दंड दुसऱ्या जागी. 'कि' मध्ये वेलांटी डाव्या बाजूला दिसते, म्हणून ती आधी साठवायची, क नंतर. रफार जिथं दिसतो तिथं, म्हणजे पुढच्या अक्षराच्याही नंतर. पडद्यावर 'कार्य' दिसायचं, पण फाईलमध्ये 'कार्य' नसायचं. दंड आणि तुकड्यांची रास असायची, त्या विशिष्ट फॉन्टशिवाय अर्थ नसलेली. पुण्यातल्याच मॉड्युलरचं श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती अशी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं होती, प्रत्येकाची तुकड्यांची मांडणी वेगळी. एकाची फाईल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली तरी कचराच.

मी त्या काळातल्या लोकांना दोष देत नाही. त्याच फॉन्टांनी मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं छापली, आणि खिळे जुळवायचं कष्टाचं काम संपवलं. पण त्यातून झालं असं की १९९० साली डॉसवर इस्कीत टाईप केलेली फाईल आज सहज बदलता येते, आणि दहा वर्षांनी विंडोजवर टाईप केलेली येत नाही. नवं ते जास्त टिकाऊ, हा आपला समज इथं उलटा पडला.

यातून वाट निघाली ती युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या संकेताची. त्यातली देवनागरी १९८८ च्या इस्कीच्या मांडणीवर बेतलेली आहे. विंडोज २००० मध्ये ती नीट चालायला लागली, सोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट होता. पुढे काही वर्षं छापखान्यांनी युनिकोडकडे पाठ फिरवली, कारण पानं लावायचं सॉफ्टवेअर ते नीट दाखवत नव्हतं. म्हणजे लेखक युनिकोडमध्ये लिहायचा, आम्ही ते फॉन्टच्या तुकड्यांत बदलायचो, दुरुस्त्या त्याच फाईलमध्ये व्हायच्या, आणि पुस्तकाची अंतिम, निर्दोष आवृत्ती तुकड्यांमध्येच अडकून पडायची. कितीतरी प्रकाशकांच्या कपाटात आज अशा फाईली आहेत.

दस्तऐवजाला कुलूप लावायचं म्हणाल तर त्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९९५ साली वर्डच्या फाईलमधून पसरणारा 'कन्सेप्ट' हा पहिला मोठा मॅक्रो व्हायरस, म्हणजे दस्तऐवजातल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये लपणारा व्हायरस, आला, १९९९ साली मेलिसा. त्याच दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी अँटीव्हायरस बनवायला सुरुवात केली, पुढे त्याचं क्विक हील झालं. वर्डचा जुना पासवर्ड कच्चा होता. २००७ पासूनचा पक्का आहे, इतका की विसरलात तर फाईल गेली. आणि 'संपादनावर निर्बंध' हा पर्याय म्हणजे कुलूप नाही, ती लोटलेली कडी आहे. पटत नसेल तर एक करून पाहा. डॉकएक्स फाईलची प्रत करा, तिची शेपटी बदलून झिप करा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील, चित्रं वेगळी, मजकूर वेगळा, साध्या वाचता येणाऱ्या खुणांमध्ये. २००७ साली आलेल्या या रचनेचा मोठा फायदा असा की वर्ड नसलं, फाईल बिघडली, तरी मजकूर बऱ्याचदा हाती लागतो. आधीच्या डॉकमध्ये ते फार अवघड होतं.

लावून ठेवण्याबाबत सरकारी कचेऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे, हे ऐकून लोक चकित होतात. सहा गठ्ठे पद्धतीत चालू कामं, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायची आणि नष्ट करायची अशी कागदांची वाटणी असते. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग, अ म्हणजे कायम जपायचे, ड म्हणजे लवकर काढून टाकायचे. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ही शिस्त खरोखर अमलात आणून दाखवली. आपल्या कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नक्की' अशा ओळीनं फाईली साठतात, कारण काय टाकायचं हे कधी ठरलेलंच नसतं. मी नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितो. फोल्डर आपोआप रोजकीर्दीसारखं लागतं. विषयांची यादी एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो, ती माझी घडणी.

काकूंच्या फाईलचा फॉन्ट ओळखायला दोन दिवस लागले. मूळ फाईलला हात न लावता तिची प्रत युनिकोडमध्ये बदलली. बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं बहुतेक बरोबर आणलं, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या जागोजागी चुकल्या होत्या. 'वर्ष'चं 'वषर्' झालं होतं. काकू दोन दुपारी शेजारी बसून वाचत होत्या, चूक दिसली की बोट ठेवायच्या. एका पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे बरोबर आहे. ते असंच लिहायचे." शुद्धलेखनाच्या दृष्टीनं तो शब्द चुकलेला होता. आम्ही तो तसाच ठेवला.

जाताना त्यांनी सीडीच्या कव्हरवर पेनानं फॉन्टचं नाव लिहून घेतलं, खाली तारीख घातली आणि विचारलं, "भावाकडे नाशिकला एक प्रत पाठवली तर चालेल ना?"