ओढणाऱ्याला न दिसणारा बाक

लाकडी धनुष्य घडवणाऱ्याची एक अडचण अगदी मुळातली आहे. दोरी पूर्ण ओढल्यावर धनुष्य कसं वाकतं यावर सगळं ठरतं, आणि नेमका तो बाक ओढणाऱ्याला दिसत नाही. त्याची नजर निशाणाकडे असते, धनुष्याचा एक बाहू, म्हणजे मुठीच्या एका बाजूचा वाकणारा भाग, कपाळाच्या वर गेलेला, दुसरा गुडघ्याकडे. बाक दिसतो तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाला. धनुष्याच्या इतिहासात लढाया, राजे आणि झाडं यांच्यावर भरपूर शाई खर्च झाली आहे. या शेजारच्या माणसाकडे फारसं कुणी बघितलेलं नाही. हा लेख त्याच्या बाजूने लिहिलेला आहे.

आधी थोडं लाकडाबद्दल. धनुष्याची निशाणाकडची बाजू म्हणजे पाठ आणि ओढणाऱ्याकडची बाजू म्हणजे पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठीवरचे तंतू मध्येच कापले गेले असतील तर धनुष्य तिथून काडकन मोडतं. पोटाला दाब सोसला नाही तर तिथे बारीक आडव्या सुरकुत्या उठतात आणि लाकूड कायमचा बाक धरतं. म्हणून पाठीवर एकच वर्षवलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखायचं आणि तासायचं ते पोटाकडून, ही बहुतेक कारागिरांची रीत. पण तासायचं किती? रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा दहा टक्क्यांनी उतरतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर मात्र तो जवळपास २७ टक्क्यांनी उतरतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या हिशेबाने बदलतो. शेवटी शेवटी कानशीचे चार हात जास्त फिरले तरी बाहूवर एक बिजागरी तयार होते: सगळा बाक त्या एका जागी, आणि उरलेलं लाकूड नुसतं बसून. तासलेलं परत लावता येत नाही. बाक जुळवण्याच्या या कामाला इंग्रजीतून आलेला शब्द टिलरिंग. धनुष्य घडवण्यातली खरी विद्या तीच, बाकीची बरीचशी सुतारकी.

ही विद्या किती जुनी? दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत ६० हजार वर्षांहून जुनी दगडी आणि हाडाची टोकं मिळाली आहेत. ती बाणांचीच असावीत असं अनेक संशोधक मानतात, पण धनुष्याचं लाकूड तिथे अर्थातच उरलेलं नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ स्टेलमूर इथे १९३०च्या दशकात हिमयुगाच्या अखेरीचे पाइनचे बाण सापडले आणि दुसऱ्या महायुद्धात ते नष्टही झाले. हजारो वर्षं दलदलीत टिकलेली वस्तू संग्रहालयात जळावी, हे वाचताना चुटपूट लागतेच.

अखंड हाती लागलेल्या सर्वांत जुन्या धनुष्यांत डेन्मार्कच्या होल्मेगार्ड दलदलीतली धनुष्यं येतात. १९४४ साली ती बाहेर आली, वय सुमारे ९ हजार वर्षं. लाकूड एल्म नावाच्या झाडाचं, तेही सावलीत हळूहळू वाढलेल्या बारीक बुंध्याचं. मूठ अरुंद आणि जाड, बाहू रुंद आणि पातळ. हा आकार उगाच आलेला नाही. एल्म पाठीकडून चिवट आहे, पण त्याच्या पोटाला दाब तितका झेपत नाही. बाहू रुंद ठेवले की तो दाब पसरतो. ज्याने हे धनुष्य केलं त्याच्यामागे मोडलेल्या धनुष्यांच्या कितीतरी पिढ्या असणार. आकडेमोड करून याच आकारापर्यंत पोचायला विसावं शतक उजाडावं लागलं. ते पुढे येईलच.

मला स्वतःला सगळ्यात बोलकं वाटतं ते कधी पूर्णच न झालेलं धनुष्य. १९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्समध्ये इटली-ऑस्ट्रिया सीमेजवळ बर्फात एका माणसाचं शरीर सापडलं. तो पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा निघाला आणि ओत्झी या नावाने जगप्रसिद्ध झाला. त्याच्याजवळ यू झाडाच्या लाकडाचं १८२ सेंटीमीटरचं धनुष्य होतं. त्याची स्वतःची उंची सुमारे १६० सेंटीमीटर. धनुष्यावर तासल्याच्या खुणा जशाच्या तशा आहेत, दोरी अडकवायच्या खाचा नाहीत. भात्यात १४ बाण, त्यातले दोनच तयार. बहुतेक अभ्यासक हे धनुष्य अर्धवट राहिलेलं मानतात. २००१मध्ये त्याच्या डाव्या खांद्यात दगडी बाणाचं टोक दिसलं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी धनुष्य पूर्ण झालेलं होतं. ओत्झीचं लाकूड अजून जाड आहे. बाक बघण्याची पाळी त्याच्यावर आलीच नव्हती.

धनुष्यांची नीट वर्गवारी करणाऱ्या जुन्या ग्रंथांत कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं नाव घ्यावं लागतं. दुसऱ्या अधिकरणातल्या आयुधागाराध्यक्षाच्या अध्यायात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशी चार द्रव्यं दिली आहेत आणि कार्मुक, कोदंड, द्रूण, धनुस् ही नावं. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू. आयुधागाराच्या या अधिकाऱ्याने मागणी, कामाची सिद्धता, वापर, झीज यांच्याबरोबर कामातली लबाडीही ओळखावी, अशी अपेक्षा त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. म्हणजे शेजारी उभा राहून बघणारा इथे पगारी अधिकारी झालेला आहे. जाता जाता, आपल्याकडे धनुष्याच्या दोरीला गुण म्हणतात आणि परीक्षेत मिळतात तेही गुणच. धनुष्याला गुण चढवल्याशिवाय त्याचे गुण कळत नाहीत, हा श्लेष भाषेने आयताच करून ठेवला आहे.

युरोपात हे काम कारागिरांच्या संघांकडे गेलं. लंडनमध्ये १३७१ साली धनुष्य करणारे आणि बाण करणारे यांचे धंदे वेगळे झाले. तोवर एकच माणूस दोन्ही करू शकत होता. त्या काळच्या अनेक संघांत रात्री दिव्याच्या उजेडात काम करायला बंदी असे. कमी उजेडात काम बिघडतं आणि बिघडलेलं लपतंही. धनुष्याच्या बाबतीत हे किती खरं आहे ते संध्याकाळी लाकूड तासायला बसलेल्या कुणालाही विचारा. मालाची ओढ तर इतकी होती की १४७२च्या इंग्लिश कायद्याने परदेशातून येणाऱ्या जहाजांना दर टन मालामागे धनुष्याचे चार दांडे आणणं सक्तीचं केलं. यूचं लाकूड हवं ते त्याच्या अंगच्या दुपेडी स्वभावामुळे. बाहेरचा पांढरट थर ताण सोसतो, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. पाठ आणि पोट झाडानेच करून दिलेलं.

त्या धनुष्यांचा पुरावा समुद्राने जपला. मेरी रोझ हे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं जहाज १९ जुलै १५४५ रोजी बुडालं आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर काढलं गेलं. त्यातून १७२ धनुष्यं आणि ३,५००हून जास्त बाण मिळाले. धनुष्यांची लांबी सरासरी दोन मीटरच्या आसपास. भिजून कमजोर झालेल्या लाकडावरून ओढायला लागणारा जोर मोजता येईना, तेव्हा तशाच प्रतिकृती करून आणि संगणकावर गणित मांडून अंदाज काढले गेले. ते साधारण १०० ते १८५ पौंडांच्या दरम्यान आले. आज हौसेने धनुष्य ओढणारे बरेच जण चाळीस-पन्नास पौंडांवर थांबतात. पण जोरापेक्षा दोन बारीक गोष्टी बघण्यासारख्या आहेत. गाठी आल्या तिथे कारागिराने लाकूड सपाट केलेलं नाही, गाठीभोवती थोडा उंचवटा राखला आहे, म्हणजे कमजोर जागेला आधार. आणि अनेक धनुष्यांवर मध्याजवळ छोट्या कोरीव खुणा आहेत, बहुधा कारागिरांच्या. मोडलं तर कुणाचं, हे कळायची सोय.

त्याच १५४५ साली रॉजर ॲशमचं टॉक्सोफिलस प्रसिद्ध झालं. इंग्रजीत धनुर्विद्येवर निघालेलं हे पहिलं पुस्तक, राजालाच अर्पण केलेलं. ॲशम पेशाने विद्वान, हात कारागिराचे नाहीत. पण धनुष्य विकत घेतल्यावर काय करावं याबद्दल त्याने जे सांगितलं आहे ते आजच्या कुणीही लिहावं इतकं ताजं आहे. नवं धनुष्य घेऊन मैदानात जावं, जड बाण मारून ते मुरवावं, कुठे जास्त वाकतंय ते पाहून त्या जागेची वेळीच काळजी घ्यावी. लाकूड चांगलं आहे असं दिसलं की ते पुन्हा एका कुशल, भरवशाच्या कारागिराकडे न्यावं. तो ते आखूड करील आणि सगळीकडे गोलसर वाकेल असं जुळवील. थोडक्यात, विकत घेतलेलं धनुष्य हा मसुदा. वापरणारा शेरे मारतो आणि करणारा दुरुस्त करतो. लाकडी धनुष्याबाबत अभिप्राय कसा घ्यावा आणि द्यावा, याची इतकी सरळ मांडणी त्याआधीची माझ्या वाचनात नाही.

पन्नास वर्षांत चित्र पालटलं. १५९५ साली इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाने, प्रशिक्षित दलांत धनुष्याऐवजी बंदुका घेण्याचा निर्णय दिला. धनुष्य खेळापुरतं उरलं. १७८१मध्ये लंडनला टॉक्सोफिलाइट सोसायटी निघाली, श्रीमंत मंडळी हिरवे कोट घालून नेमबाजी करू लागली. धनुष्य मात्र दुकानातून येई. करणारा आणि ओढणारा यांच्यामध्ये काउंटर आलं. या काळाबद्दल लिहिण्यासारखं बरंच असेल, पण आपल्या विषयाला त्यातून फार काही मिळत नाही.

मिळतं ते थेट १९११मध्ये, कॅलिफोर्नियात. २९ ऑगस्टला ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकन जमातीतला तो शेवटचा. त्याची माणसं वसाहतवाल्यांनी मारली होती किंवा लपता लपता संपली होती. त्याने स्वतःचं नाव कधीच सांगितलं नाही. त्याच्या भाषेत माणूस या अर्थाचा इशी हा शब्द त्याला चिकटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो राहू लागला आणि शेजारच्या वैद्यकीय शाळेतला सॅक्स्टन पोप हा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य करायला शिकला. इशी डोंगरी जुनिपरचं धनुष्य करी, पाठीवर स्नायूचे तंतू चिकटवून. लांबी ठरवायला फूटपट्टी नाही: आडवा पसरलेला हात आणि विरुद्ध बाजूचा कुल्हा, एवढं अंतर. वापरात नसलेलं धनुष्य उभं ठेवायचं नाही, आडवं ठेवायचं. उभं ठेवलं की ते काम करत राहतं आणि थकतं, असं तो म्हणे. २५ मार्च १९१६ला क्षयाने तो गेला. पोपने ही सगळी पद्धत १९१८मध्ये लिहून प्रसिद्ध केली आणि १९२३च्या त्याच्या पुस्तकातून ती हजारो हौशी लोकांपर्यंत गेली. एका संपलेल्या जमातीची विद्या एका डॉक्टरच्या हातातून पुढे सरकली. याचं कौतुक करावं की खंत, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पुढच्या दशकात बघणाऱ्याच्या जागी मोजणारा आला. क्लॅरेन्स हिकमन हा भौतिकशास्त्रज्ञ, पॉल क्लॉपस्टेग, फॉरेस्ट नॅगलर अशा मंडळींनी बाणाचा वेग आणि बाहूंतला ताण मोजायला घेतला. आडव्या छेदात पोट गोल असलेलं इंग्लिश धनुष्य लाकडाला नको तितकं छळतं, सपाट आणि रुंद बाहू तोच ताण समान वाटून घेतात, असं त्यांच्या हिशेबातून निघालं. अमेरिकन फ्लॅटबो त्यातून रुजलं. होल्मेगार्डचा कारागीर हे ऐकून हसला असता.

मग फायबरग्लास आलं. एकसारख्या जाडीचे थर चिकटवले की बाक साच्यातूनच ठरून येतो. १९६६मध्ये हॉलेस विल्बर ॲलनने कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्यासाठी पेटंट मागितलं, १९६९मध्ये ते मिळालं. निव्वळ लाकडाचं धनुष्य करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि त्याहून वाईट म्हणजे ते एकमेकांपासून दूर विखुरले. लाकूड मिळत होतं, अवजारं होती. शेजारी उभा राहून, अरे थांब, खालचा बाहू मुठीजवळ बिजागरी धरतोय, असं म्हणणारं कुणी नव्हतं. १९९२पासून अमेरिकेत निघालेल्या द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल या खंडांनी पुन्हा जान आणली ती बरीचशी याच कारणाने. अनेक कारागिरांनी आपले अनुभव, आपल्या मोडतोडीसकट, एकत्र मांडले. महागडं यू किंवा ओसेज ऑरेंज नसेल तरी ॲश, मेपल, एल्म अशा साध्या लाकडांचं उत्तम धनुष्य होतं, फक्त बाहू रुंद ठेवा, हे त्यातून लोकांच्या मनावर ठसलं.

एकट्या माणसाने स्वतःसाठी बघणारा तयार करायच्या युक्त्याही जमा होत गेल्या. भिंतीवर आधार ठोकून त्यावर धनुष्याची मूठ टेकवायची, दोरी कप्पीतून खाली घ्यायची आणि चार पावलं मागे जाऊन ओढायची. त्याच दोरीत काटा अडकवला की धनुष्याचं वजन, म्हणजे ओढायला लागणारा जोरही कळतो. मागे भिंतीवर चौकटी आखल्या की दोन बाहूंची तुलना सोपी होते. सपाट ठोकळ्याच्या मध्यात भोक पाडून त्यात पेन्सिल बसवायची आणि तो ठोकळा वाकलेल्या पोटावरून फिरवायचा. ठरलेला बाक जिथे आहे तिथे पेन्सिल टेकत नाही, जिथे लाकूड ताठ आहे तिथे रेघ उमटते. रेघ उमटली तिथेच खरवडायचं. ठरवलेल्या वजनापेक्षा जास्त जोराने धनुष्य कधीच ओढून बघायचं नाही, हाही त्यातलाच नियम. वजन गाठलं की थांबायचं, बाक कमी दिसला तरी.

तरीही आपण केलेल्या वस्तूकडे आपण आशेने बघतो, आणि आशेला बिजागरी दिसत नाही. म्हणून आता जाणत्याला दाखवताना तीन फोटो मागितले जातात: दोरी न चढवलेलं, दोरी चढवलेलं आणि पूर्ण ओढलेलं. कॅमेरा मुठीच्या उंचीवर, काटकोनात, मागे कोरी भिंत. कॅमेरा तिरका धरला तर एक बाहू उगाच जास्त वाकलेला दिसतो आणि चांगलं धनुष्य नाहक खरवडलं जातं. लाकडाचं नाव, लांबी आणि किती इंच ओढल्यावर किती पौंड जोर लागतो, हेही सोबत. उत्तर बहुधा दोन ओळींचं येतं. वरचा बाहू मध्यापासून टोकापर्यंत ताठ आहे, तिथे दहा वेळा खरवड, मग वीस-तीस वेळा अर्धंच ओढ, आणि पुन्हा दाखव.