मानेतील धमन्यांना मुक्या माराने होणारी इजा

मानेवर उघडी जखम नसताना हिसका, दाब किंवा आघात यांमुळे कॅरॉटिड (मानेच्या पुढच्या बाजूची) अथवा व्हर्टिब्रल (मणक्यांतून जाणारी) धमनीची भिंत फाटणे, म्हणजे ही इजा. मुका मार लागलेल्या रुग्णांपैकी साधारण १ ते ३ टक्के जणांत ती आढळते. प्रमाण कमी, पण मेंदूचा रक्तपुरवठा दोन्ही बाजूंच्या याच चार वाहिन्यांवर चालतो. त्यामुळे इजा गळ्यात आणि परिणाम मेंदूत, असे होते.

वाहनाच्या धडकेत मान मागे ताणली जाऊन एका बाजूला वळली, की कॅरॉटिड धमनी वरच्या मणक्यांवर खेचली जाते. व्हर्टिब्रल धमनी तर मणक्यांच्या छिद्रांतूनच वर चढते, म्हणून मणका मोडला किंवा सरकला की ती चिमटीत सापडते. गळफास किंवा सीटबेल्टचा काच यांनीही इजा होते. धमनीचे आतले अस्तर फाटते, उघड्या पडलेल्या जागी रक्त गोठते आणि गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत अडकला की पक्षाघात होतो.

यात वेळ जातो, आणि रुग्णाचे पुढे काय होणार हे बहुतेकदा त्याच वेळात ठरते. बऱ्याच जणांना पक्षाघाताची लक्षणे अपघातानंतर सुमारे १० ते ७२ तासांनी दिसतात. मांडीचे हाड मोडून आलेला माणूस पहिल्या दिवशी नीट बोलतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा एक हात उचलत नाही. कधी आधी एवढेच दिसते, की एक पापणी किंचित उतरली आहे आणि त्याच डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान आहे. कॅरॉटिडभोवतीच्या चेतातंतूंना धक्का बसल्याची ही खूण. बेशुद्ध रुग्णात हे सारे नजरेतून निसटू शकते. म्हणून मानेच्या मणक्यांचे किंवा कवटीच्या तळाचे फ्रॅक्चर, चेहऱ्याच्या हाडांची मोठी मोडतोड असे काही असेल, तर लक्षणांची वाट न पाहता सीटी अँजिओग्राफी (रंगद्रव्य टोचून धमन्यांचे सीटी स्कॅन) करावी, हेच योग्य.

इजेच्या पाच श्रेणी १९९९ साली अमेरिकेतील डेन्व्हरच्या शल्यचिकित्सकांनी मांडल्या. पहिलीत भिंत खडबडीत होते किंवा पोकळी २५ टक्क्यांहून कमी अरुंद होते. दुसरीत त्याहून अधिक, किंवा आत गुठळी वा अस्तराचा सुटलेला पदर दिसतो. तिसरीत भिंतीला फुगा येतो. चौथीत धमनी पूर्ण बंद होते. पाचवीत ती तुटून रक्त बाहेर वाहते. त्यांच्या रुग्णांत कॅरॉटिडच्या इजेनंतर पक्षाघाताचे प्रमाण या क्रमाने ३, ११, ३३, ४४ आणि १०० टक्के निघाले. गट लहान होता, त्यामुळे हे आकडे काटेकोर धरू नयेत. चढता क्रम मात्र महत्त्वाचा. व्हर्टिब्रलमध्ये श्रेणी आणि धोका यांचे नाते इतके सरळ नाही. दोन्ही बाजूंच्या व्हर्टिब्रल धमन्या वर एकत्र येतात, म्हणून एक बंद पडली तरी पुष्कळदा दुसरी भागवते.

इजा वेळेत सापडली तर हेपॅरिन किंवा अ‍ॅस्पिरिनने पक्षाघाताचा धोका बराच घटतो. दोन्हींपैकी एक निर्विवादपणे सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. खरी अडचण असते ती मेंदूत किंवा प्लीहेत रक्तस्राव असलेल्या रुग्णाची: गुठळी रोखणारे औषध तिथला रक्तस्राव वाढवू शकते, म्हणून न्यूरोसर्जन आणि ट्रॉमा सर्जन यांना मिळून वेळ ठरवावी लागते. स्टेंट (धमनी आतून उघडी ठेवणारी जाळीदार नळी) सरसकट घालत नाहीत; वाढता फुगा किंवा फारच अरुंद झालेली धमनी असेल तर त्याचा विचार होतो.

पक्षाघात होऊन गेलेल्यांचे चित्र वेगळे. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त असते आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. काही जण तर पक्षाघातासहच रुग्णालयात पोहोचतात, त्यांच्याबाबत प्रतिबंधाची संधी उरलेलीच नसते.

७ ते १० दिवसांनी पुन्हा अँजिओग्राफी करतात. पहिल्या श्रेणीच्या निम्म्याहून अधिक इजा तोवर भरून येतात आणि औषध थांबवता येते. दुसऱ्या श्रेणीतील बऱ्याच इजांचा पुढे फुगा होतो. न भरलेल्या इजांसाठी औषध सहसा ३ ते ६ महिने, कधी त्याहून अधिक काळ चालू ठेवतात.