च्युन कुंड्यांवरचा आकडा रंगाचा नव्हे, मापाचा

च्युन हा झिलई दिलेल्या चिनी मातीकामाचा एक प्रकार. चीनच्या राजवाड्यासाठी घडवलेल्या च्युन फुलझाडांच्या कुंड्यांच्या बुडाशी १ ते १० पैकी एक चिनी आकडा असतो. विषम आकडा म्हणजे लाल-जांभळी कुंडी, सम म्हणजे निळी, असं जुन्या चिनी जाणकारांनी लिहून ठेवलं आणि पुढचे तेच गिरवत राहिले. कुणी कुंड्या उलट्या करून पाहिल्या असत्या तर? जांभळ्या कुंडीवर सम आकडा अगदी सहज सापडतो. शिवाय आकडा कच्च्या मातीत उमटवलेला, जांभळा रंग मात्र झिलईतल्या तांब्याने भट्टीत धरलेला. आकडा आहे मापाचा: १ सर्वांत मोठी, १० सर्वांत लहान. कुंडी आणि तिच्याखालची ताटली वेगवेगळी घडत, त्यामुळे जोडी लावायला आकडा कामी येई.

बुडाला पाणी निथळायची भोकं असतात. काही नगांवर राजवाड्यातल्या दालनाचं नावही दिसतं, पण ते छिंग काळात, १८व्या शतकात मागाहून कोरलेलं.

वयाचंही तसंच. सोंग काळातल्या (१०वं ते १३वं शतक) म्हणून मिरवलेल्या या कुंड्या आता अनेक अभ्यासक मिंग काळात, १५व्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास ठेवतात.