पट्टी चढली म्हणजे पल्ला वाढला का?

मुलीची पट्टी वाढली की घरचे खूश होतात. कालपर्यंत काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरून गायची, आता काळी पाच; म्हणजे आवाजाचा पल्ला वाढला, असा हिशेब. तो चुकतो, आणि नाट्यगीत स्पर्धा जवळ आल्या की गोव्यात फोंडा-म्हार्दोळकडे जरा जास्तच चुकतो.

षड्ज, म्हणजे सा, कुठे धरला ती पट्टी. सगळ्यात खालच्या स्वच्छ स्वरापासून सगळ्यात वरच्या स्वच्छ स्वरापर्यंत गळा जेवढा फिरतो तो पल्ला. पट्टी पेटीवाल्याला सांगून क्षणात बदलते. पल्ल्याचं तसं नाही.

पेटी समोर घेऊन बघा. काळी चारचा सा धरून एखादी मुलगी खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) मध्यमापर्यंत नीट पोचते. दोन सप्तकांना दोनच अर्धस्वर (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन स्वरांतलं अंतर) कमी. चौदा वर्षांच्या गळ्याला पुष्कळ झालं. आता तिला काळी पाच द्या, म्हणजे सा दोन अर्धस्वर वर. गळा तोच, त्यामुळे खाली मंद्र मध्यम मिळेल, पण वर ती तार कोमल गंधारालाच थांबेल. ज्या तार सप्तकासाठी पट्टी चढवली, तिथलेच शुद्ध गंधार आणि मध्यम हातचे गेले! मग ते ओढून लावायचे: हनुवटी वर, मानेच्या शिरा ताठ. पालकांना टाळ्या ऐकू येतात, परीक्षकांना शिरा दिसतात.

उंच पट्टीचा हा मान रंगभूमीवरून आला. माईक नव्हते, नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा होता. त्यात मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांची तडफ ध्वनिमुद्रिकांतून कानावर पडलेली. नक्कल करावीशी वाटणारच. पण आज गोव्याच्या कला अकादमीच्या मंचावर माईक असतो.

पल्ला वाढवायचा तर सकाळी खर्जाचे (अगदी खालचे) स्वर हलक्या आवाजात लांब धरा, आणि वर जाताना एकेक अर्धस्वर चढा, तोही हळू आवाजात. स्वरतंतू ताणले जाऊन पातळ झाले की स्वर उंच होतो. खालून हवेचा दाब वाढला की तो मोठा होतो. ही दोन कामं वेगळी आहेत, पण घाईत मुलं दुसऱ्याने पहिलं उरकू बघतात. जो स्वर हळू लागत नाही तो अजून पल्ल्यात आलेला नाही, असं मी धरते. ओठ फुरफुरवत सूर चढवण्याचा व्यायाम दिसतो हास्यास्पद, पण गळा मोकळा ठेवतो. चतुर्थीत घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने रात्रभर आरत्या म्हटल्या असतील, तर दुसऱ्या दिवशी तार सप्तकाच्या वाटेला जाऊ नका. (आरत्याच म्हणू नका, हे गोव्यात कोण सांगणार?)

मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर खाली येतो, आणि काही महिने मधले स्वरसुद्धा दगा देतात. तेव्हा पट्टी मुकाट उतरवावी. पुढे तो काळी एक-दोनच्या आसपास स्थिरावला की पल्ला पुन्हा मोजायला घ्यावा, आधी नाहीच.

स्पर्धेसाठी पट्टी ठरवताना पदातला सगळ्यात वरचा स्वर शोधा. तो सकाळी, हळू, न खाकरता लागेल अशी पट्टी घ्या, आणि पेटीवाल्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर ऐनवेळी तो स्वतःच्या सोयीची धरतो.