ओलाफ (नॉर्स-गेल राजे)

मध्ययुगीन नॉर्स (स्कँडिनेव्हियन) आणि नॉर्स-गेल (आयर्लंड-स्कॉटलंडमधील गेल लोकांत मिसळलेल्या नॉर्स) राजघराण्यांत वारंवार आढळणारे नाव. ‘पूर्वजांचा वारस’ असा त्याचा मूळ अर्थ. आयरिश बखरींत त्याचे ‘अवलाइव’ झाले, जुन्या इंग्रजीत ‘अनलाफ’. नॉर्वेचे ओलाफ ट्रिग्वासन आणि 1030 मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडून पुढे संत ठरलेला ओलाफ हाराल्डसन हे सर्वपरिचित आहेत. खरा गुंता आहे तो डब्लिनच्या ओलाफांचा.

त्यांतला पहिला 853 मध्ये आयर्लंडला आला. 870 मध्ये ईवार या व्हायकिंग राजाच्या साथीने त्याने स्कॉटलंडमधील डंबार्टनचा किल्ला चार महिन्यांच्या वेढ्यानंतर जिंकला. दहाव्या शतकात मात्र ईवारच्याच वंशात एका वेळी दोन ओलाफ झाले आणि दोघांनीही डब्लिन व इंग्लंडमधील यॉर्क या दोन्ही ठिकाणी राज्य केले. 937 मध्ये ब्रुनानबर्गच्या रणात इंग्लंडच्या ॲथेलस्टनकडून हरला तो गुथफ्रिथचा मुलगा. वादकाच्या वेशात शत्रूच्या छावणीत शिरल्याची कथा बाराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने दुसऱ्या ओलाफच्या, म्हणजे सिट्रिकच्या मुलाच्या, नावावर घातली. तेव्हापासून घोटाळा चालत आला. म्हणून या राजांविषयी वाचताना आधी बापाचे नाव पाहावे.

यॉर्कला पाडलेल्या एका चांदीच्या नाण्यावर पंख पसरलेला डोमकावळा आहे आणि कडेने ‘अनलाफ कुनुंक’ अशी अक्षरे. राजासाठी रूढ लॅटिन ‘रेक्स’ न वापरता नॉर्स शब्दच रोमन लिपीत कोरला आहे. एवढ्याशा नाण्यावर आपल्या भाषेचा हा आग्रह विलक्षण वाटतो.

सिट्रिकचा मुलगा ओलाफ ‘कुआरान’ म्हणून ओळखला जातो. या आयरिश शब्दाचा अर्थ पायताण. 943 मध्ये इंग्लंडचा राजा एडमंड याच्या साक्षीने त्याचा बाप्तिस्मा झाला. यॉर्क त्याच्या हातून दोनदा गेले, डब्लिन मात्र त्याने दीर्घकाळ राखले. 980 मध्ये आयर्लंडमधील तारा येथील लढाईत मेल सेख्नाल या आयरिश राजाने त्याच्या सैन्याचा धुव्वा उडवला, त्याचा मुलगा रागनाल मारला गेला आणि डब्लिनमधील आयरिश गुलाम सोडून द्यावे लागले. म्हातारा राजा प्रायश्चित्तासाठी स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरील मठात गेला आणि तिथेच वारला. याच मठातील 68 जणांना 806 मध्ये व्हायकिंगांनी कापून काढले होते.

पुढे आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधील मॅन बेटावरही दोन ओलाफ राजे झाले. त्यांतल्या पहिल्याचा 1153 मध्ये पुतण्यांनी खून केला. मॅकऑलिफ या आयरिश आडनावाचा अर्थ ‘ओलाफचा मुलगा’ असाच आहे.